पन्नास पावलं

मेडिकल चौकात माझी ड्युटी, अकरा ते सात.
वर हिरवी जाळी, खाली मे महिन्याचं डांबर,
बूट उचलला की चर्र करून सोडतं.

साहेब विचारतात, लांजेवार, फरक पडला का?
कागदावर पडला. मागच्या मेपेक्षा पावत्या कमी.
मी हो म्हणते. खोटंही नाही ते.

पण मी मोजलंय.
रसाच्या ठेल्यापासून झेब्रा पट्ट्यांपर्यंत पन्नास पावलं.
तेवढ्यात नागपूर एकदम शहाणं होतं,
फोन खिशात, मान सरळ,
गाडीवरूनच देवळाला हात जोडावा तसा
एक क्षण भक्तीचा.
झेरॉक्सवाल्याच्या पाटीपुढे माना पुन्हा वाकतात.
कायदा म्हणजे माझी नजर पोचते तेवढा,
आणि माझा नंबर मायनस दोन.

बदललं नाही असं कसं म्हणू?
फोनचा पत्ता बदलला.
आधी कानाला होता.
मग खांदा आणि मानेच्या बेचक्यात,
सगळं गाव मान वाकडी करून कुणाचं तरी लाडानं ऐकतंय.
मग हेल्मेटात खुपसला.
पोरी उन्हासाठी दुपट्टा बांधतात, त्याच्या आत, गालापाशी;
नुसता दुपट्टा हसत हसत माझ्यासमोरून जातो.
आता हँडलला स्टँड.
बघा मॅडम, दोन्ही हात जागेवर.
हात जागेवर, बाप्पा.
डोळ्यांचं कलम कोणतं, ते मी अजून शोधून राहिली.

काल अंकुश उईके, पाठीवर जेवणाची पेटी, महिन्यात तिसऱ्यांदा.
पुन्हा तूच काऊन रे?
म्हणाला, मॅडम, तुमची पावती महिन्यानं भरली तरी चालते,
फोन नाही उचलला तर तिकडची रात्रीच कापते.
शर्टाला मिठाचे नकाशे.
हातातला फोन अजून चालूच,
हॅलो, कुठं पोचला, हॅलो, भाऊ?
मी घेतला. म्हटलं, ट्रॅफिकमधून बोलते, तो गाडीवर आहे.
पलीकडे शांतता. पंख्याचा आवाज.
मग बाई म्हणाल्या, अहो, मला काय माहीत तो गाडीवर आहे?

जेवण आणणारा पोरगा.
दुपारचे अडीच.
आणखी कुठं असेल तो, पाळण्यात?

पावती फाडली तरी. फाडावी लागते.
चालकाचं नाव, गाडीचा नंबर, ठिकाण, वेळ.
पलीकडून हॅलो म्हणणाऱ्यासाठी
त्या मशीनमध्ये रकाना नाही.

सातला सुटते. माझा फोन डिकीत, रुमालात गुंडाळून.
हे मला कायद्यानं नाही शिकवलं,
डाव्या कोपरातल्या सळईनं शिकवलं.
तेव्हा वर्दी अंगावर होती आणि फोन कानाला,
कोणत्या साली ते विचारू नका.
थंडीत ती सळई मला अजून कलम वाचून दाखवते.

तुकडोजी चौक ओलांडला आणि सीटखाली वाजायला लागला.
मांडीला कळतं कोण आहे ते.
वाजला, थांबला, पुन्हा वाजला,
मानेवाड्यापर्यंत सात वेळा.
सातही वेळा मी समोरच्या ट्रकचं मागचं फळकं वाचत राहिली.

दारात नवरा उभा, कोथिंबीर आणायला सांगायची होती म्हणे.
उचलत काऊन नव्हती?
गाडीवर होती.
तो खरंच गोंधळला,
मनापासून, भांडण्यासाठी नाही,
म्हणाला,
मग? गाडीवरच तर होती.